मेन बेअरिंगच्या कॅप आवळल्यावर क्रँक जाम झाला आहे. काय चुकलं असेल?

क्रँक जोराने फिरवायला पाइप लावलेला पाना घेतला असेल, तर आधी तो बाजूला ठेवा. जोर दिलात तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फिरेलही, पण नव्या बेअरिंगचा मऊ थर ओरबाडून. मग पुन्हा नवा सेट आणा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: मारुती ८०० चं इंजिन घरीच बांधताय, क्रँक घासून आणलाय, बेअरिंग नवी आहेत, चारही कॅप (बेअरिंग ब्लॉकशी धरून ठेवणारी झाकणं) आवळल्या आणि क्रँक हलेना. पिस्टन अजून टाकले नाहीत हे फार बरं झालं. टाकले असते तर रिंगा अडताहेत की खाली काही अडतंय हे शोधण्यातच दिवस गेला असता.

आता एकेक कॅप सैल करा, आणि दर वेळी क्रँक हाताने फिरवून बघा. तीन सिलिंडरला चार मेन जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग), म्हणजे चारच ठिकाणं तपासायची आहेत. एखादी कॅप सैल केल्याबरोबर क्रँक सुटला तर दोष तिथेच. चारही सैल केल्या, क्रँक मोकळा फिरतोय, पण आवळल्या की फेऱ्याच्या एकाच भागात अडतो, असं असेल तर क्रँक वाकलेला असण्याची शक्यता आहे. तो व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या आधारांवर) ठेवून मधल्या जर्नलला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी मापक) लावा. फेरा पुरता सारखाच जड असेल तर फट कमी पडतेय.

बेअरिंग आणि जर्नल यांच्यामधली फट म्हणजे किती? नव्या इंजिनात साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर. डोक्याचा केस बहुधा याहून जाड असतो. त्यामुळे बेअरिंगच्या पाठीमागे कापसाचा एक धागा किंवा वाळूचा एक कण राहिला तरी बेअरिंग तेवढ्या जागी फुगतं आणि फट संपते. हात पुसायचं कॉटन वेस्ट या कामात टेबलावरसुद्धा नको. ब्लॉकमधलं घर आणि बेअरिंगची पाठ पेट्रोलने पुसून कोरडी ठेवा. तेल फक्त आतल्या, जर्नलकडच्या बाजूला. पाठीला तेल लावणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.

मग कॅप बघा. प्रत्येकीवर नंबर आणि बाण असतो. नंबर पुलीकडून मोजायचे, बाणही पुलीकडे. कॅप ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यामुळे दोन नंबरची तीनवर किंवा उलटी बसली तर भोक गोल राहत नाही. खाच असलेलं, तेलाचं भोक असलेलं अर्धं बेअरिंग ब्लॉकमध्ये जातं, सपाट अर्धं कॅपमध्ये. उलट झालं तर क्रँक फिरेल, पण त्या जर्नलला तेल पोचणार नाही, म्हणून हेही आत्ताच बघून घ्या.

एवढं सगळं ठीक असेल तर घासणाऱ्याकडे बोट जातं. बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ (म्हणजे ०.२५ मिलिमीटर घासलेल्या जर्नलसाठीचं) छापलंय का बघा, आणि जर्नल मायक्रोमीटरने खरंच तेवढा उतरलाय का ते मोजा. जर्नलच्या कडेची गोलाई जास्त ठेवली असेल तर बेअरिंगची कड तिच्यावर चढते. अशा वेळी काढलेल्या बेअरिंगच्या अगदी काठावर चकाकती रेघ दिसते. ती दिसली की क्रँक परत त्याच घासणाऱ्याकडे न्यायचा. कोणी कानस घेऊन कॅप घासायला निघाला तर कानस हिसकावून घ्या. एकदा घासलेली कॅप ब्लॉकसोबत पुन्हा बोअर केल्याशिवाय गोल होत नाही.

थ्रस्ट वॉशरबद्दल (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या अर्धचंद्राकृती चकत्या) तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून माझी फजिती सांगतो. माझं पहिलं इंजिन ओम्नीचं होतं, हेच ७९६ सीसीचं. वॉशरची तेलाच्या खाचांची बाजू मी ब्लॉककडे केली, ती हवी क्रँककडे. इंजिन गोड चाललं. मग काही आठवड्यांनी क्लच दाबला की आयडल खाली बसायला लागलं, आणि पुलीकडे बघितलं तर क्लच दाबताच ती अंगठाभर नाही, पण डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकत होती. क्लचचा सगळा रेटा त्या दोन अर्धचंद्रांवर येतो आणि मी त्यांना कोरडं ठेवलं होतं. इंजिन पुन्हा खाली. तेव्हा क्रँक पुढेमागे ढकलून डायल गेजवर मोजा: ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवं. शून्य आलं तर वॉशर जाड आहेत, आणि तुमचा क्रँक त्यामुळेही जाम झालेला असू शकतो.

पुन्हा बसवण्याआधी प्लास्टिगेजचा (दाबून चपटा झाल्यावर फट दाखवणाऱ्या मऊ बारीक धाग्याचा) तुकडा कोरड्या जर्नलवर आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा, काढा, पट्टीशी ताडून बघा. मधे क्रँक हलला तर ते माप फुकट. आवळताना मधल्या दोन कॅप आधी, मग टोकाच्या, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी ४.३ ते ४.८ किलोग्रॅम-मीटर टॉर्क. आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक एक फेरा फिरवा. हे आधी केलं असतंत तर कुठली कॅप अडतेय ते तेव्हाच कळलं असतं.

क्रँकमधली तेलाची भोकं नायलॉनच्या ब्रशने धुतलीत ना? घासताना उडालेली पूड तिथेच दडून बसते. आणि कनेक्टिंग रॉड खाली सोडताना त्याच्या बोल्टांवर पेट्रोलच्या रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे घासलेल्या जर्नलला ओरखडा जाणार नाही.

कुठल्या नंबरची कॅप निघाली ते खाली लिहा, पुढचं सांगतो.