‘जाल्लो’ला पिवळा सिनेमा म्हणू नका (आणि काविळीचं काय ते)

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या फिल्म क्लबात इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा १९७५ चा ‘प्रोफोंदो रोस्सो’ दाखवणार आहेत, ४के डिस्कवरून, आणि सोबत वाटायच्या मराठी टिपणात ‘रिस्टोअर्ड गियालो’ला (गियालो म्हणजे इटालियन रहस्यपटांचा एक प्रकार) काय म्हणायचं ते हवंय. ट्रान्सलेटरनं ‘पुनर्संचयित पिवळा चित्रपट’ दिलंय, ते चालेल का?

नाही चालणार.

आधी उच्चार, कारण हा ‘गियालो’ रिव्ह्यूवाल्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आता राहवत नाही. इटालियन स्पेलिंगमध्ये तिथे जो ‘आय’ दिसतो तो उच्चारायचा नसतोच, आधीच्या ‘जी’ला ग न म्हणता ज म्हणा एवढं सांगायलाच तो तिथे असतो. जाल्लो. ल्ल चांगला दाबून म्हणायचा, आणि अनेक असले की जाल्ली. आता ज कुठला, तर ‘जात-धर्म’मधला, जात्यावर दळतो त्या जात्यातला नव्हे. मराठी माणूस ‘जाल्लो’ वाचताना सवयीनं ‘जाळं’सारखा ज लावतो, म्हणून मला खरं तर ‘ज्याल्लो’ लिहायला आवडेल. जुन्या मोडी कागदांत चारला ‘च्यार’ लिहिलेलं दिसतं ना, तो य तिथे हेच काम करतो असं माझं ठाम मत आहे, म्हणजे हा च चाऱ्यातला नाही हे सांगायचं. इटालियन लोकांनी ‘आय’ वापरला, आपण य वापरला. पण ‘ज्याल्लो’ला आजकाल कोणी शुद्ध म्हणणार नाही, तेव्हा जाल्लो लिहा.

अर्थ सगळ्यांना माहितीय, पटकन उरकतो. जाल्लो म्हणजे पिवळा. १९२९ मध्ये मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनानं पिवळ्या कव्हरची रहस्यकथांची माला काढली, ती इतकी खपली की रहस्यकथेलाच लोक ‘पिवळी’ म्हणायला लागले. आजही इटलीच्या पेपरात एखाद्या न उलगडलेल्या खुनाला ‘जाल्लो’ म्हणतात. दिग्दर्शक मारिओ बावाच्या १९६३ च्या सिनेमातली नायिकासुद्धा विमानात असलंच पुस्तक वाचत बसलेली आहे. फक्त काळे हातमोजे, वस्तरा आणि साठ-सत्तरच्या दशकातले सिनेमे एवढाच अर्थ बाहेरच्या जगानं लावलाय. मराठीत मात्र ‘पिवळं पुस्तक’ कशाला म्हणतात ते सांगायला नको, म्हणून ‘पिवळा चित्रपट’ लिहिलंत तर अर्थ पार दुसरीकडे जातो. भाषांतरच हवं असेल तर ‘रहस्यपट’. विषय संपला.

खरी मजा ‘जाल्लो’ आला कुठून यात आहे, आणि ती कोणी सांगतच नाही, सगळे मोंदादोरीपाशी थांबतात. लॅटिनमध्ये ‘गाल्बिनुस’ म्हणजे हिरवट पिवळा. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये झालं ‘जाल्न’, तिथून इटलीत ‘जाल्लो’, आणि खुद्द फ्रेंचमध्ये ‘जोन’. या जोनवरून पिवळं पडण्याच्या आजाराला ‘जोनिस’, आणि इंग्रजांनी तो शब्द उचलून त्यात एक ड घुसवला: जॉन्डिस. म्हणजे जाल्लो आणि जॉन्डिस एकाच मुळाचे! तो ड कुठून आला असं विचाराल तर वानराचं वांदर कसं झालं ते आठवा. न म्हणून झाला की जीभ टाळ्यापासून सुटताना मध्येच एक द-ड टाकून जाते, आपल्याकडेही आणि तिकडेही.

आपली ‘कावीळ’ संस्कृत ‘कामला’वरून. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसंच. काही मंडळी कावीळ ‘काव’पासून आली असं छातीठोकपणे सांगतात, रंगाचा शब्द म्हणून. अहो, काव तांबडी असते, तुळशीवृंदावनाला लावतात ती. तांबड्या मातीवरून पिवळ्या रोगाचं नाव कुठला मराठी माणूस ठेवेल?

आणि आता पक्षी. त्याच लॅटिन मुळाचा ‘गाल्बुला’ म्हणजे एक पिवळा पक्षी, आपल्या हळद्याच्या जातीतला असावा. प्राचीन रोमन लेखक प्लिनी लिहितो की काविळीच्या रोग्यानं अशाच एका पिवळ्या पक्ष्याकडे बघितलं की रोगी बरा होतो आणि पक्षी मरतो. आता ऋग्वेद उघडा, पहिलं मंडल, ५० वं सूक्त, सूर्याचं: ‘शुकेषु मे हरिमाणं रोपणाकासु दध्मसि’. माझा पिवळेपणा पोपटांत आणि रोपणाका पक्ष्यांत ठेवतो. हजारो मैल लांबची दोन माणसं, दोघांनाही आपला पिवळा रंग एका पाखराच्या अंगावर सोडून मोकळं व्हावंसं वाटतंय. मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. आणि आर्जेंतोच्या १९७० च्या पहिल्याच जाल्लोच्या नावात पक्षी आहे, स्फटिकाच्या पिसांचा. त्याच्या मनात यातलं काही नसणार हे मला मान्य आहे, पण शब्दांच्या मनात होतं असं मला वाटतं.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगतोय कारण डिस्कशी त्याचा थेट संबंध आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जुन्या सिनेमांच्या ज्या नव्या प्रती निघाल्या त्यातल्या पुष्कळांवर एक पिवळट झाक आहे अशी जगभरच्या प्रेक्षकांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. आपल्याकडे म्हणतात ना, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, तेच. कारण साधं आहे. निगेटिव्हमध्ये शेवटचा रंग नसतोच, तो प्रिंट काढताना ठरायचा, आणि जुनी प्रिंट पुरावा म्हणून घ्यावी तर त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, प्रिंट गुलाबी पडते. मग आज कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस ठरवेल तो रंग. ‘प्रोफोंदो रोस्सो’ म्हणजे गडद लाल, आणि त्यातलं रक्त मुद्दाम ऑइलपेंटसारखं भडक लाल आहे. त्यावर पिवळी झाक चढली की ते शेंदरी दिसतं, म्हणजे सिनेमाचं नावच खोटं पडलं. ओळखायचं कसं, तर काविळीत डॉक्टर जे करतात तेच. डोळ्याचं पांढरं बघायचं. या सिनेमात काजळ घातलेल्या डोळ्याचा पडदाभर क्लोजअप आहे, तिथे पॉज करा आणि बुबुळाच्या बाजूचं पांढरं पांढरंच आहे ना बघा.

दुसरी तक्रार हमखास येते, ‘एवढं ४के आणि चित्र खरबरीत का?’ कारण हा सिनेमा टेक्निस्कोपवर काढलाय. नेहमीच्या ३५ मिमी फिल्ममध्ये एका फ्रेमला कडेच्या चार छिद्रांची उंची मिळते, इथे दोनच. १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं पुरतं, निर्मात्याचे पैसे वाचतात, पण अर्ध्या फ्रेमचं चित्र तेवढ्याच पडद्यावर ताणायचं म्हटल्यावर फिल्मचा कण मोठा दिसणारच. याला ‘खरबरीत’ किंवा ‘नॉइज’ म्हणणं मला सोसत नाही. आपल्याकडे सुंदर शब्द आहे, रवाळ. रवाळ तूप आपण दोन पैसे जास्त देऊन घेतो, कारण रवा धरला म्हणजे तूप नीट कढलंय. फिल्मचंही तेच. सॉफ्टवेअर फिरवून तो रवा घालवला की माणसांचे चेहरे मेणाचे होतात.

आणि रवा घालवला की नुसता रवा जात नाही. या सिनेमात नायक सुरुवातीलाच चित्रं लावलेल्या एका कॉरिडॉरमधून घाईघाईनं जातो आणि पुढचा सगळा सिनेमा ‘आपण तिथे काय पाहिलं’ ते आठवत राहतो. दिग्दर्शकानं उत्तर खरोखर त्या फ्रेममध्ये ठेवलंय. मी पहिल्यांदा पाहिली ती कडा कापून टीव्हीच्या मापाची केलेली प्रत, म्हणजे रुंदीतलं ४० टक्क्यांहून जास्त चित्र गायब, आणि उरलेलं काळंकुट्ट. त्यात काय दिसणार? नीट प्रतीवर तोच शॉट पाहिला तेव्हा हातातला चहा तसाच राहिला.

हं, ‘रिस्टोअर्ड’. ‘पुनर्संचयित’ म्हणजे पुन्हा साठवलेलं, बॅकअपमधून फोनवर फोटो परत आणतात त्याला ठीक. सिनेमाला शब्द आहे जीर्णोद्धार. एका जाणकारांनी मला मागे सुनावलं होतं की जीर्णोद्धार देवळाचाच होतो. मग विहिरींचे, वाड्यांचे, तळ्यांचे झाले ते काय होते? जीर्ण, जुना आणि जिरणं हे तिन्ही एकाच धातूचे, फिल्मवरचा रंग खरोखर जिरतच असतो, याहून नेमका शब्द कोणता आणणार? शिवाय देवळाचं उदाहरणच माझ्या बाजूचं आहे. काळ्या दगडाच्या कोरीव खांबांना ऑइलपेंट फासतात त्यालाही लोक जीर्णोद्धार म्हणतात, आणि २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदूर उतरवून खालची मूळ मूर्ती समोर आली ते काम वेगळं. डिस्कवाले दोन्हीला ‘रिस्टोअर्ड’ छापतात, म्हणून शब्दाबरोबर हेही लिहायचं की कशावरून केलं.

तर डिस्कच्या कव्हरमागे तसं छापलं असेल तर टिपणात लिहा, ‘मूळ निगेटिव्हवरून जीर्णोद्धार केलेला जाल्लो’. आणि एक ओळ वाढवा: इंग्रजी साउंडट्रॅक लावलात तर मध्येमध्ये पात्रं अचानक इटालियन बोलायला लागतील. पूर्ण सिनेमा १२७ मिनिटांचा, परदेशासाठीचा साधारण १०५, आणि कापलेल्या भागाचं इंग्रजी डबिंग मिळतच नाही. पोरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर डिस्क बिघडली म्हणून कोणीतरी उठून प्लेअर बंद करेल.