अमेरिकेत इमिग्रेशन न्यायाधीशाने जामीन नाकारला, आता कोर्टात जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय की आतेभाऊ चार महिन्यांपासून आयसीईच्या (अमेरिकेत इमिग्रेशन कायदा राबवणारी, धरपकड आणि हद्दपारी करणारी सरकारी संस्था) कोठडीत आहे, इमिग्रेशन न्यायाधीशाने जामीन नाकारला आणि सगळे म्हणतात आता वाट बघा. नुसती वाट बघत बसू नका. मी वकील नाही, पण अशा प्रकरणांत कुटुंब आणि वकील यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करते.

इमिग्रेशन न्यायाधीश हा न्याय खात्याचाच, म्हणजे सरकारचाच माणूस. त्याच्या बाहेर फेडरल, म्हणजे केंद्रीय, जिल्हा न्यायालय आहे आणि तिथे हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. फी फक्त ५ डॉलर, वकिलाची वेगळी. तिथे प्रश्न एकच: या माणसाला डांबून ठेवणं कायदेशीर आहे का? त्याला देशात राहू द्यावं का, हे ते न्यायालय ठरवत नाही. ‘जामीन द्यायला हवा होता’ एवढंच म्हणून भागत नाही; चुकीचं कलम लावलं, सुनावणीच दिली नाही, कोठडी अवाजवी लांबली, असा कायद्याचा मुद्दा लागतो.

हद्दपारीचा अंतिम आदेश झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. झाला असेल तर २००१ चा झॅडव्हायडास निकाल बघा. आदेशानंतर साधारण ६ महिन्यांपर्यंतची कोठडी सर्वोच्च न्यायालयाने वाजवी धरली. त्यापुढे नजीकच्या काळात पाठवणी होण्याची खरी शक्यता दिसत नसेल, तर सुटका मागता येते. मात्र भारतीय वकिलातीकडून प्रवासाची कागदपत्रं मिळण्यासारखी असतील तर हा मुद्दा लंगडा पडतो. आणि भाऊ त्या कागदपत्रांच्या अर्जावर सही करायला नकार देत असेल तर ती मुदत त्याच्याच विरुद्ध लांबते. हे त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं. आदेश झालेला नसेल तर कलमं वेगळी आणि वादही वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज, माणूस ज्या जिल्ह्यात कोठडीत आहे तिथल्याच न्यायालयात करावा लागतो आणि प्रतिवादी म्हणून त्या कोठडीच्या प्रमुखाचं नाव लागतं. एका कुटुंबाने न्यू जर्सीत वकील ठरवण्यात तीन आठवडे घालवले. तेवढ्यात मुलाला लुइझियानात हलवलं. नवा वकील, नवं न्यायालय, सगळं पहिल्यापासून. त्याच्या आईचा फोनवरचा आवाज मला अजून ऐकू येतो. अर्ज आधी दाखल झाला असता तर हलवल्यानंतरही त्या न्यायालयाचा अधिकार टिकला असता. हे तत्त्व १९४४ पासून आहे: दुसऱ्या महायुद्धात छावणीत डांबलेल्या मित्सुये एंडो या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणीला सरकारने कॅलिफोर्नियाच्या छावणीतून युटाला नेलं, तरी तिचा अर्ज कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाच्या हातून गेला नाही. म्हणून अर्जासोबतच ‘याला इथून हलवू नका’ असा तातडीचा हुकूमही वकिलाला मागायला सांगा.

आज रात्रीच त्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्याला दिलेला ओळख क्रमांक) आणि जन्मदेश टाकून आयसीईच्या संकेतस्थळावर तो नक्की कुठे आहे ते बघा. फोन आला की तारखा लिहून घ्या: कधी पकडलं, कुठे कुठे ठेवलं, पासपोर्टबद्दल कुणी, कधी विचारलं. वकील पहिल्या भेटीत हेच मागेल. आणि वकील निवडताना फेडरल न्यायालयात हेबियस चालवलंय का, हे थेट विचारा. इमिग्रेशनचं काम करणारे सगळेच ते करत नाहीत.