शेतातली पाणथळ बुजवण्याआधी

उसाच्या रानाचा खालचा कोपरा बारमाही ओला असतो. पाणकणीस आणि लव्हाळा माजलाय. मुरूम टाकून भरून घेऊ का? (शिरोळ तालुका)

माझं ऐकाल तर नको. उसाला टाकलेल्या युरियातला बराच नत्र (नायट्रोजन) पिकाला लागतच नाही. त्याचं नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर ओढ्याला मिळतं. तुमचा कोपरा नेमका त्या वाटेवर आहे. तिथला चिखल थोडा उकरून पाहा, खाली काळपट, कुजकट वासाचा थर लागेल. त्या थरात हवा नसते. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून जगतात आणि त्यातल्या बहुतेक नत्राचा निरुपद्रवी वायू होऊन तो हवेत जातो. या जिवाणूंचं खाद्य म्हणजे कुजलेला पाला, म्हणून पाणकणीस पेटवू नका. कोपरा बुजवलात तर तेच नायट्रेट नदीत जाऊन जलपर्णी पोसेल.

शेजारच्या सऱ्या क्षारपड (क्षार साचून नापीक) होत असतील तर मात्र निचरा करावाच लागेल. जमिनीखाली सच्छिद्र पाइप जरूर टाका, पण त्यांचं पाणी थेट ओढ्यात न सोडता आधी या पाणथळीतून फिरवा. अमेरिकेतल्या आयोवात मक्याच्या शेतांखालच्या पाइपांचं पाणी असंच पाणथळीत सोडतात. त्यासाठी पाणलोटाचं अर्धा ते दोन टक्के क्षेत्र राखलं जातं. म्हणजे शंभर एकरांना अर्धा ते दोन एकर! एकट्याच्या रानात हे जमण्यासारखं नसेल तर ओढ्याकाठच्या चार-पाच जणांनी मिळून करावं.

स्फुरदही (फॉस्फरस) असाच उडून जातो का?

नाही. तो मातीच्या कणांना चिकटून येतो आणि पाणी संथ झालं की गाळाबरोबर तळाशी बसतो. पाणी आत येतं तिथे एक खड्डा घ्या आणि उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून रानात पसरा. वर्षानुवर्षं गाळ तसाच राहिला तर स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतो.

आमचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे. ते चालेल?

पाणी साठवायला उत्तम, या कामाला नाही. पाण्याचा मातीशी संबंधच येत नाही आणि वनस्पतीही रुजत नाहीत.

डास होतील, अशी घरच्यांची भीती आहे.

भीती रास्त आहे. डास वाढतात ते मुख्यतः डबक्यांत, जिथे त्यांच्या अळ्या खाणारं कुणी नसतं. पाणथळीत चतुरांच्या अळ्या, पाणकिडे आणि ओढ्यातले बारके मासे ते काम करतात. काठावर कीटकनाशक मारलंत तर आधी हेच मरतील. गप्पी सोडू नका, ते परके मासे आहेत.

पक्षी येतील का?

नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि पाणथळ तयार झाली. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाली. तुमच्या कोपऱ्यात बदकांचे थवे उतरणार नाहीत, पण पाणकोंबडी येईल, वंचकही (छोटा बगळा) येईल. पाणकोंबडीची वीण पावसाळ्यात असते. तेव्हा पाणकणीस कापायचं ते दिवाळीनंतर, आणि तेही एका वर्षी निम्मंच.