‘बायसिकल थीव्ह्ज’ पुन्हा लाव

हा इटालियन सिनेमा वीस मिनिटांत बंद केलास म्हणतोस, तर राग नाही. पहिल्या खेपेला मीही जांभया दिल्या होत्या. बापाची नोकरीसाठी लागणारी सायकल चोरीला जाते, आणि तो पोराला घेऊन ती शोधत फिरतो; माझी चूक एवढीच, की चोर कधी सापडतो याची वाट बघत बसलो. ते सोड.

त्यापेक्षा चादरींचा प्रसंग बघ. चोरीच्या आधी, गहाण पडलेली ती सायकल सोडवायला बापाची बायको मारिया घरातल्या चादरी गहाण टाकते. तिथला माणूस ते गाठोडं घेऊन वर चढतो, आणि कॅमेरा त्याच्यामागे वर वर जातो. छतापर्यंत नुसती गाठोडीच! 1948 सालच्या रोममधली बेकारी सांगायला दिग्दर्शक डी सिकाला एकही संवाद लागत नाही.

मग त्यांच्या पोरावर, ब्रुनोवर नजर ठेव. सोडवून आणलेली सायकल पुसताना त्याला पोचा दिसतो, आणि ‘तक्रार का नाही केली’ म्हणून तो बापालाच झापतो. हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या श्रीमंत पोराकडे बघत तो चीजची तार ओढतो, आणि बाप मात्र गेलेल्या पगाराचा हिशेब मांडतो. (मला तर शेवटापेक्षा हाच प्रसंग जास्त लागतो.)

बापाचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी खराखुरा कारखान्यातला कामगार होता. त्याची चाल बघितलीस की कळेल.

फोनवर बघू नकोस, गर्दीतली माणसं दिसत नाहीत. आणि हा झाला की बिमल रॉयचा ‘दो बिघा जमीन’ लाव, 1953 चा. तिथे बापलेक कलकत्त्यात आहेत.