कुलगुरू पायउतार झाले की त्यांना ‘निरोपाची रक्कम’ मिळते का?

आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठापुरतं सांगायचं तर, अमेरिकेतल्यासारखं वर्षभराच्या पगाराचं पाकीट इथं नसतं. कर्नाटकाच्या 2000 च्या विद्यापीठ कायद्यानुसार मुदतच चार वर्षांची. ती संपली की गाडी, बंगला परत. मूळचे प्राध्यापक असतील तर लियनवर, म्हणजे मूळ जागेवरचा हक्क राखून आलेले असतात, वय शिल्लक असेल तर पुन्हा आपल्या विभागात खडू हातात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत कुलगुरुपदाचा काळ सेवेत धरायचा असं स्पष्ट आहे, म्हणून पेन्शनला खंड पडत नाही. खरा पैसा अर्जित रजेचा, म्हणजे न वापरता साठलेल्या पगारी रजेचा! निवृत्तीवेळी जास्तीत जास्त 300 दिवसांचं रोखीकरण. टिळकवाडीतल्या एका कॉलेजात क्लार्क होतो, तेव्हा सर्व्हिस बुकातल्या अकरा दिवसांच्या रजेवरून एका सरांना चार हेलपाटे घालावे लागले होते. नोंदी आधीच तपासून घ्या.