कॉन्ट्रास्ट सीटी सांगितलाय आणि क्रिएटिनिन वाढलंय?

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४ आलं म्हणून कॉन्ट्रास्टला, म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या औषधाला, लगेच नाही म्हणू नका. त्याच रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाजी आकडा, शोधा. १.४ हा आकडा तिशीतल्या पुरुषासाठी फारसा चिंतेचा नसेल, पण सत्तरीतल्या बाईंची किडनी तेवढ्याच आकड्याला बरीच कमी काम करत असते. खरी जपणूक लागते ती ईजीएफआर ३० च्या खाली असेल तेव्हा, किंवा किडनीला नुकताच अचानक फटका बसला असेल तेव्हा.

सीटीला शिरेतून देतात ते आयोडीनयुक्त औषध किडनीच लघवीवाटे बाहेर टाकते. त्याचा धोका पूर्वी समजत होते त्यापेक्षा बराच कमी आहे. जंतुसंसर्ग किंवा कमी रक्तदाबामुळे चढलेलं क्रिएटिनिनही सर्रास कॉन्ट्रास्टच्या माथी मारलं जायचं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती जुलाब-उलट्यांनी अंग सुकलेलं असताना, वर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊन स्कॅनला जाणाऱ्यांची. असं असेल तर आधी डॉक्टरांना सांगाच. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा. हृदय कमजोर असेल तर भरमसाट पाणी अंगाशी येतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा. ईजीएफआर ३० च्या खाली असल्यास ती सहसा ४८ तास थांबवतात आणि किडनीची तपासणी करून मगच पुन्हा सुरू करतात.

धोका असलेल्यांनी ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्यावं. दुसऱ्याच दिवशीचा चांगला रिपोर्ट पुरेसा नाही. आणि एमआरआयला देतात ते गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट वेगळं असतं, त्याचे नियमही वेगळे.