हिटाइट राजांपैकी माणूस म्हणून कळतो असा कोणी आहे का?

हिटाइट, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन साम्राज्य, म्हटलं की त्यांची इजिप्तशी झालेली कादेशची लढाईच वाचायला मिळते, त्यांचा एखादा राजा जवळून कळतो का, असं तुम्ही विचारलंय. कळतो. कादेशला लढलेल्या मुवातल्लीचे वडील, मुर्सिली दुसरा.

इ.स.पू. १३२१ च्या सुमारास तो हत्तुसाच्या, म्हणजे हिटाइट राजधानीच्या, गादीवर आला. वडील सुप्पिलुलिउमा गेले आणि पाठोपाठ थोरला भाऊ अर्नुवांदाही. शेजारचे राजे 'हे तर पोर आहे' म्हणून हिणवायचे, हे त्याने स्वतःच्याच बखरीत नोंदवलंय. दहा वर्षांत त्याने पश्चिमेचं आर्झावा राज्य मोडलं आणि उत्तरेच्या कास्का टोळ्यांशी तर त्याला जवळजवळ दरवर्षी झुंजावं लागलं.

पण मला तो भावतो त्याच्या प्रार्थनांमुळे. इजिप्तच्या विधवा राणीने सुप्पिलुलिउमाकडे लग्नासाठी मुलगा मागितला होता. पाठवलेला मुलगा, झन्नान्झा, मारला गेला. चिडलेल्या बापाने इजिप्तच्या मुलखावर सैन्य घातलं, कैदी आणले, आणि कैद्यांबरोबर रोगाची साथ आली. ती वीस वर्षं हटली नाही. मुर्सिलीने देवांचा कौल लावला, जुन्या मातीच्या पाट्या काढून वाचल्या. एका पाटीत माला (म्हणजे युफ्रेटिस) नदीला द्यायचा नैवेद्य होता, तो साथ आल्यापासून बंद पडलेला. दुसरीत इजिप्तशी देवांच्या साक्षीने झालेला तह होता, तो वडिलांनी मोडलेला. (देवांची साक्ष म्हणजे किती मोठी गोष्ट, ते आपल्याला पटकन कळावं. याच सुप्पिलुलिउमाने मितन्नी या शेजारच्या राज्याशी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत.)

मग तो देवांपुढे कबूल करतो: वडिलांनी पाप केलं, मी केलं नाही, पण बापाचं पाप मुलावर येतं, म्हणून ते मी माझं मानतो. पाखरू घरट्याचा आसरा घेतं आणि वाचतं, तसं मला वाचवा. नैवेद्याची भाकरी करणारे थोडेच उरलेत, तेवढे तरी मारू नका, असंही विनवतो. राजाच्या तोंडचं हे वाक्य वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ओस पडलेलं देवळातलं स्वयंपाकघर येतं.

घरातही दुःख होतंच. त्याची राणी गेली; सावत्र आईने करणी केली अशी त्याची खात्री होती. कौलाने तिला ठार मारायची मुभा दिली, तरी त्याने तिला राजवाड्यातून फक्त हाकललं. मला यात त्याचा मोठेपणा दिसतो.

पुढे एकदा रथातून जाताना वादळ झालं, भयंकर गडगडाट झाला, आणि त्याचा आवाज तोंडातच बारीक झाला. काही वर्षांनी बोलणं पारच अडलं. तेव्हा देवाचा कोप उतरावा म्हणून त्याने एका सजवलेल्या बैलावर हात ठेवला आणि तो बैल, वादळाच्या दिवशीचे कपडे, रथ आणि घोडे, सगळं कुम्मान्नी नगरातल्या देवळाकडे पाठवून दिलं.